इंग्रजी न येणाऱ्यानंच तपासायचं

आमच्या लोह्यात तहसीलसमोर अर्ज टाइप करून देणारा एक जण बसतो. बोटांपेक्षा त्याचं तोंड जास्त चालतं. "एक अक्षर गळालं की विंडोची विडो होती, मावशी. खिडकी गेली अन् विधवा उभी!" म्हणून कुठलाच कागद तो दुसऱ्यानं तपासल्याबिगर सोडत न्हाई.

परवा शेजारच्या पोरीसोबत गेले. तिला लातूरला वसतिगृहात जागा पाहिजे होती अन् अर्जाचा शेवटचा दिवस होता. त्यानं वाचलं, पोरीनं वाचलं, दोघांनाही सगळं बरोबर वाटलं. तरी कागद माझ्यापुढं सरकवला.

"बाबा, मला इंग्रजी येत न्हाई."

"म्हणून तर! आम्ही सवयीनं वाचून जातो, तुम्ही नुसतं बघता. वसतिगृहानं दिलेल्या ह्या छापील नमुन्याशी एकेक अक्षर जुळवा."

मी बोट ठेवत गेले. "नमुन्यातलं हे वाकडं अक्षर अर्जात न्हाई बघ."

त्यानं कपाळावर हात मारला. "अगं पोरी, हॉस्टेल सोडून हॉटेल मागायलीस की!"

दुरुस्त अर्ज वेळेत गेला. तेव्हापासून मी दिसले की तो ओरडतो, "मावशी, इंग्रजी शिकू नका बरं का!"

मी मान डोलावून "हाव, हाव" म्हणते. नातीनं निम्मी एबीसीडी शिकवलीय, हे काही त्याला सांगत न्हाई.