चिंचाळकर साहेबांचा नाशिकचा ड्राइव्ह

जयंत चिंचाळकर नाशिकहून बदली होऊन कोलकात्यात आमच्या एस्प्लनेडच्या विमा कार्यालयात प्रमुख म्हणून आले, पण नुसते देहाने. "आमच्या नाशिकला असं नव्हतं," हे ते चहाला, लिफ्टला, अगदी पंख्यालासुद्धा ऐकवायचे. कुणी प्रेमाने डब्यातलं मोचार घंट, म्हणजे केळफुलाची भाजी, पुढे केलं, तर हुंगून बाजूला सारायचे. बंगाली सहकारी म्हणजे 'ही माणसं'. मी जन्मलो कोलकात्यात, राहतो इथल्याच बेहाला भागात, पण आडनाव पटवर्धन, म्हणून मी तेवढा 'आपला केयूर'. मला त्या 'आपला'ची शिसारी यायची.

कार्यालयाचं नेटवर्क मी सांभाळतो. एकदा फायरवॉलच्या नोंदींत विचित्र प्रकार दिसला. आतला कुठला तरी संगणक बाहेरच्या एका पत्त्याकडे फाइल शेअरिंगसाठी सारखी जोडणी मागत होता. फायरवॉल अडवायची, तो पुन्हा मागायचा. दुसऱ्या दिवशी मी शोध घेणार, तोच साहेबांनी नोंदी स्वतःकडे मागवून घेतल्या.

"चोरी! फाइली बाहेर चालल्यात!" त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. नोंदीतला आतल्या संगणकाचा पत्ता त्या क्षणी कुणाकडे आहे ते पाहिलं आणि बोट ठेवलं विनीता सेनगुप्तांवर. विनीतादी दाव्यांच्या विभागात कंत्राटावर होत्या. त्यांचं कंत्राट याच महिन्यात संपत होतं आणि पुढे चालू ठेवायचं की नाही, ते साहेबांच्या हातात होतं.

आमच्याकडे संगणकांना पत्ते रोज सकाळी नव्याने वाटले जातात. कालच्या नोंदीवरून आजच्या माणसाला धरणं म्हणजे जुन्या भाडेकरूच्या भांडणासाठी नव्याला झोडपणं. मी हे समजावलं. साहेब तुच्छतेने हसले. "केयूर, तू या लोकांना ओळखत नाहीस." मी! यांच्यातच लहानाचा मोठा झालेला!

विनीतादी जागेवर बसून रडत होत्या. "आमि की कोरेछी, केयूर?" काय केलं मी, एवढंच विचारत होत्या. मी संतापून पत्ते वाटल्याची कालची यादी उघडली.

काल तो पत्ता कुणाला मिळाला होता, ते मी शोधून काढलं. चिंचाळकर साहेबांच्या लॅपटॉपला! बदलीत त्यांनी तो बरोबर आणला होता, आणि त्यात नाशिकच्या सर्व्हरवरचा ड्राइव्ह जोडलेला तसाच ठेवला होता. नोंदीतला बाहेरचा पत्ता त्याच सर्व्हरचा; साहेबांनी लॅपटॉप उघडला की तो नाशिकला शोधायला निघायचा. नाशिकला फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, तो सर्व्हर केव्हाच भंगारात गेला.

मी साहेबांना लॅपटॉपवर दाखवलं. चेहरा उतरला, पण विनीतादींबद्दल अवाक्षर नाही. दार लावून घेतलं आणि एकदम मवाळ झाले.

"अहवालात 'तांत्रिक बिघाड' एवढंच लिही ना. तुझ्या वहिनीने गणपतीत तुला मोदक खाऊ घातलेत. आपल्या माणसाला असं उघडं पाडतात का?"

"नाही पाडत, साहेब," मी म्हणालो. "म्हणून तर अहवालातून विनीतादींचं नाव वगळतोय. तुमचं राहील."

अहवाल मी त्यांच्यासमोरच मुख्य कार्यालयाला पाठवला. पहिली प्रत विनीतादींना नेऊन दिली.