पाटकर सरांची थोरली

पाटकर सरांना मी सहा-सात ओळींचा प्रश्न विचारायचो आणि त्यांचं उत्तर यायचं दोन शब्दांचं. ‘पाणी बदल.’ ‘उपाशी ठेव.’ ‘हात काढ.’ टॅरँटुला, म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी, पाळणाऱ्या आम्हा ठाणे-डोंबिवलीकरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पन्नासेक बाप्ये, आणि बहुतेकांच्या डीपीत हातावर बसवलेला कोळी. त्यात फोटो नसलेले, ‘एस. पाटकर’ एवढंच नाव लावणारे सर म्हणजे आमचं सुप्रीम कोर्ट. इतक्या ठामपणे हुकूम सोडणारा माणूस पुरुषच असणार, आणि निवृत्त प्राध्यापक असणार, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. सरांना कुणी विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही.

मी या भानगडीत पडलो ते छत्तिसाव्या वर्षी. पोट सुटलं होतं, केस मागे हटले होते, आणि आयुष्यात एकदा तरी काहीतरी मर्दानी करावं असं वाटायला लागलं होतं. माझ्या वयाचे लोक बुलेट घेतात. मला गिअरची गाडी येत नाही, म्हणून मी कोळी घेतला आणि त्याचं नाव भीम ठेवलं. कोलशेतच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत भीम राहायचा आणि मी सोफ्यावरून त्याच्याकडे अभिमानानं बघायचो. जवळ जायची वेळ आली की भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवायचो. ग्रुपवर मात्र सांगायचो, ‘घरी बायको घाबरते हो, नाहीतर मी रोज हातावर घेतला असता.’ बायकोचं, मानसीचं, या बाबतीत काय मत आहे, हे मी तिला विचारलं नव्हतं.

डीपीत माझ्याही हातावर कोळी होता. एक दिवस सरांचा खासगी मेसेज आला, ‘डीपीतली कात आहे.’ टॅरँटुला वाढताना अंगावरची अख्खी कातडी पायांसकट काढून टाकतो. ती कात वाळली की हुबेहूब कोळीच दिसते. मी भीमची जुनी कात तळहातावर ठेवून छाती पुढे काढली होती. पन्नास जणांना जे कळलं नाही ते सरांनी ओळखलं, पण ग्रुपवर चकार शब्द काढला नाही. पुढचा मेसेज एवढाच होता, ‘कात घेऊन ये. नर की मादी बघू.’

आमच्या छंदात हा प्रश्न मोठा. नर वयात आला की वर्ष-दोन वर्षांत आटोपतो, मादी वीस-वीस वर्षं जगते. त्यामुळे प्रत्येकाला मादीच हवी असते. मुलगा व्हावा म्हणून नवस बोललेल्या घरांत वाढलेले आम्ही, इथे मात्र मुलगी निघाली की पेढ्यांचे फोटो टाकतो.

कोपरला जुन्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर गेलो. हातात बिस्किटांचा डबा, डब्यात कात. साठीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, सुती गाऊनवर ओढणी घेतलेल्या बाईंनी दार उघडलं. मी अदबीनं विचारलं, “काकू, सर आहेत का?”

“आहेत,” त्या म्हणाल्या. “चपला बाहेर काढ आणि आत ये.”

मी खुर्चीच्या कडेवर बसून आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघत राहिलो. बाईंनी कात साबणाच्या पाण्यात भिजवली, टूथपिकनं हळूहळू उलगडली, भिंग डोळ्याला लावलं. दहा मिनिटं झाली, पडदा काही हलेना. मग त्या म्हणाल्या, “भीम बाई आहे. अभिनंदन.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी लाज मला त्याआधी फक्त स्वतःच्या लग्नात, उखाणा विसरलो तेव्हा वाटली होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “मग नाव बदलू का तिचं?”

“कशाला? ती कुठे ऐकते? मलाही सर म्हणता ना सगळे, मी कधी तक्रार केली?”

सर एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस होत्या. बेडकापासून झुरळापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जायचं, पण हाक यायची ती ‘ओ ताई, जरा ट्रे द्या’ अशी. आमच्या आधी त्या दुसऱ्या एका ग्रुपवर पूर्ण नावानिशी होत्या. तिथे त्यांनी काहीही सांगितलं की आधी विचारणा व्हायची, ‘वहिनी, तुम्हाला भीती नाही वाटत?’ आणि मग कुणीतरी लिहायचं, ‘कुणी जाणकार कन्फर्म करेल का?’ एकदा अशी खात्री करून घेण्यात दोन दिवस गेले आणि कोळी मेला. “म्हणून इथे नुसतं एस. लिहिलं,” त्या म्हणाल्या. “तू सर म्हणालास, तुझं बघून बाकीचे म्हणाले. ऐकायला लागले. कोळी जगले. मला काय, तेवढंच हवं होतं.” म्हणजे या घोळाचा जनकही मीच निघालो. मी ग्रुपवर काही बोललो नाही. वर स्वतःला समजावलं की हा सरांचा मान राखणं आहे. खरं म्हणजे मला माझी फजिती झाकायची होती.

मी पुढे कोपरला वरचेवर जायला लागलो. सरांच्या पलंगाशेजारच्या पेटीत थोरली असायची. दक्षिण अमेरिकेतली, गुलाबी केसांची, वीसेक वर्षांची टॅरँटुला. कॉलेजच्या कुठल्याशा प्रदर्शनासाठी कुणीतरी आणून दिलेली आणि प्रदर्शन संपल्यावर कुणालाच नकोशी झालेली. विभागप्रमुखांनी सरांच्या हातात स्पिरिटची बाटली दिली आणि सांगितलं, ताई, हिला बरणीत घालून ठेवा. थोरलीनं चारच दिवसांपूर्वी कात टाकली होती. सरांनी ती कात बरणीत घातली, वर लेबल चिकटवलं आणि थोरलीला डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. “साहेब अकरा वर्षं मुलांना ती बरणी दाखवत होते,” सर सांगायच्या, आणि एवढं एकच वाक्य बोलताना त्यांना हसू आवरायचं नाही. मला आपला डीपी आठवायचा. कातीनं लोकांना फसवलं आम्ही दोघांनीही, पण त्यांनी एक जीव वाचवला आणि मी छाती फुगवली.

थोरलीला त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही हातावर घेतलं नाही. ग्रुपवर कल्याणच्या एका पठ्ठ्यानं खांद्यावर कोळी चढवून फोटो टाकला तेव्हा सरांनी लिहिलं होतं, ‘पडला तर पोट फुटेल. तुझं नाही, त्याचं.’ मला त्या म्हणाल्या, “कोळी पाळणं म्हणजे बहुतेक वेळ काही न करणं. तुम्हा पुरुषांना तेच जमत नाही. सारखं काहीतरी करून दाखवायचं असतं.” मला काही न करणं उत्तम जमतं, असं मी सांगणार होतो, पण मानसीही हेच भलत्या अर्थानं म्हणते ते आठवलं आणि विषय बदलला.

रोज सकाळी चहाच्या आधी सर थोरलीचे पाय मोजायच्या. आठ झाले की दिवस सुरू. एका सकाळी सात भरले. पुन्हा मोजले, सहा. भिंग घेतलं तेव्हा कुठे आठ झाले. थोरलीचे पाय जागेवर होते, सरांची नजर जात होती. डॉक्टरांनी साखरेला दोष दिला आणि फार आशा दिली नाही. नाशिकच्या मुलीनं घरी बोलावलं, पण तिच्याकडे रांगतं बाळ होतं. आई हवी होती, पेटी नको होती. सरांना ते पटलंही. “दिसत नसताना मी पेटी उघडणार, झाकण नीट लागलं की नाही कळणार नाही. माझ्या हातून ती मरायला नको,” त्या म्हणाल्या. “ही अजून पाच-सहा वर्षं जगेल. कुणाकडे देऊ तेवढं सांग.”

मी लगेच हात वर केला. थोरली माझ्या हॉलमध्ये, म्हणजे ग्रुपवर केवढी पत! सर म्हणाल्या, “आधी घर बघते.”

त्या यायच्या होत्या पाच वाजता. तीनला बघतो तर भीम पाठीवर उताणी, पाय वर, हालचाल शून्य. सर घर बघायला येणार आणि स्वागताला मेलेला कोळी! मी ठरवलं, मोगऱ्याच्या कुंडीत पुरून टाकू आणि मित्राकडे दिलीय म्हणून सांगू. हातमोजे चढवले, वरण वाढायचा डाव घेतला, झाकण उघडलं, आणि मागून मानसी ओरडली, “अरे, हात लावू नकोस तिला! कात टाकतेय ती! मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन पालथा पडतो, असा ऐसपैस झोपत नाही. ठेव तो डाव!”

“तुला काय माहीत?”

“मागच्या दोन काती काय तू काढल्यास? झुरळं कोण घालतं चिमट्यानं? तू तर सोफ्यावर चढून बसतोस. पाणी मी बदलते, तुझ्या फोनवर सरांचे मेसेज वाचून. तू नुसता प्रश्न पाठवतोस, उत्तर वाचतोस कुठे?”

पाचला सर आल्या. शेवटचं खायला कधी घातलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सोमवारी. मानसी म्हणाली, “नाही हो, बारा दिवस झाले. कात टाकणार असं वाटलं म्हणून बंद केलं.” सर पेटीसमोर खुर्ची ओढून बसल्या, शेजारी मानसी बसली. भीम जुन्या कातडीतून एकेक पाय सोडवत होती. सरांना नीट दिसत नव्हतं, मानसी हळू आवाजात सांगत होती. दीड तास दोघी जागच्या हलल्या नाहीत. मी दोनदा चहा केला.

निघताना सर म्हणाल्या, “थोरली इथेच येईल. मानसीकडे.”

“आणि मी?”

“तू चहा छान करतोस.”

पुढच्या रविवारी त्यांनी पेटी आणली. टेबलावर ठेवून मानसीला म्हणाल्या, “मोज.” मानसीनं मोजले, “आठ.” सरांनी काचेवर तळवा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. माझेही आले, आणि या वेळी मी बायकोचं नाव पुढे केलं नाही.

सर नाशिकला गेल्या, ग्रुपमधून बाहेर पडल्या. तरी प्रश्न येतच राहिले, आणि माझ्या फोनवरून मानसी उत्तरं द्यायला लागली. दोन-दोन शब्दांची, हुकमी. महिन्याभरात ग्रुप मला ‘सर’ म्हणू लागला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. चार महिने आवडलं. मग एका रविवारच्या फोनवर पाटकर सर म्हणाल्या, “तुला सर म्हणतात असं मानसी हसत हसत सांगत होती. मी माझ्या मर्जीनं लपले होते, तिला तू लपवतोयस. तीस वर्षं ‘ओ ताई’ ऐकलंय मी. तिची किती वर्षं ठरवलीयस?”

‘तुमचंही सांगू का?’ मी विचारलं, त्या ‘सांग’ म्हणाल्या, आणि मी फोन ठेवून ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. पाटकर सर बाई आहेत. गेले चार महिने उत्तरं मानसी देतेय. माझ्या डीपीत कात आहे आणि झुरळाला मी घाबरतो. मग मानसीला विचारून तिला तिच्या नावानं ग्रुपमध्ये घेतलं. पाच मिनिटांनी टिटवाळ्याच्या एकाचा, ज्याचा कोळी आठवडाभर मलूल होता, मेसेज आला, ‘भाई, क्या बात! पण वहिनींना भीती नाही वाटत?’

मानसीनं आपल्या फोनवरून लिहिलं, ‘पाणी बदल.’

दोन मिनिटांनी उत्तर आलं, ‘सॉरी सर. आत्ता बदलतो.’

सरांना आता फोनवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मी लगेच फोन लावून हे सगळं वाचून दाखवलं. त्या खूप हसतील अशी माझी खात्री होती. त्यांनी विचारलं, “मग? बदललं का त्यानं पाणी?”