सुखीबाईचं लोंबत्या कानांचं पिल्लू

सुखीबाईनं आयुष्यात डझनभर कुत्री पाळली, पण एकाचेही कान कधी उघडून पाहिले नव्हते. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावर कुत्रं म्हणजे शिळी भाकर खाणारं आणि परक्यावर भुंकणारं. त्यात नागपूरला नर्स असलेल्या तिच्या लेकीनं, अंजूनं, कॉकर स्पॅनियलचं पिल्लू आणून सोडलं. तिच्या खोलीची मालकीण ते ठेवू देईना. केसाळ, लोंबते कान आणि दिसेल त्याच्या पायात लोळण. मी इथल्या शाळेवरचा मास्तर, मीही चिडवलं, "बाई, हे तुमची राखण करन, का तुमालेच त्याची करा लागन?"

नाव ठेवलं काजू. तो तिच्यासोबत शेतात जायचा, कानांनी बांध झाडत यायचा. अंजू फोनवर बजावायची, रोज कान पाहा. "पोरायचे नाही पाह्यले, याचे कायले पाहू?" सुखीबाई म्हणायची.

दिवाळीनंतर एका सकाळी काजू डोकं झटकायला लागला. मान एका अंगाला वाकडी. पोरांचा कान दुखला की घालतात तसं तिनं लसणाचं कोमट तेल त्याच्या कानात ओतलं. पिल्लू केकाटलं, तोंडातून लाळ गळायला लागली आणि दारात आलेल्या शेजारच्या पोरावर ते दात विचकून धावलं.

तासाभरात दारापुढं माणसं जमली. तांड्याचे नायक अमरसिंग काठी घेऊन आले. "मास्तर, तुमी शिकेल मानूस. पिसाळलं ना हे?"

लाळ, वाकडी मान, अंगावर येणं. दरवर्षी वर्गात मीच ही लक्षणं पाठ करून घेतो. "तसंच वाटते," मी म्हणालो.

सुखीबाई दारातच उभी राहिली. उजवा हात पदराखाली. "डॉक्टरनं म्हटलं तं माह्या हातानं मारीन. तोवर कोनी हात लावाचा नाही."

"संध्याकाळपर्यंत," नायक म्हणाले. काठी मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.

झाकणाच्या टोपलीत पिल्लू बांधून ती माझ्या गाडीवर बसली. महागावच्या जनावरांच्या दवाखान्याकडे निघालो. टोपलीतली धडपड माझ्या पाठीला लागत होती आणि मी सरळ सांगतो, मला भीती वाटत होती.

डॉक्टरांनी पिल्लाला भूल दिली, कानात उजेड टाकला आणि चिमट्यानं हळूच एक कुसळ ओढून काढलं. बांधावरच्या गवताचं, तेलानं भिजलेलं, खोल रुतलेलं. "पिसाळलं-बिसाळलं काही नाही," ते म्हणाले. "या जातीचे कान रोज पाहा लागतात, बाई. अन् तेल बिलकुल नाही."

तेव्हा सुखीबाईनं पदराखालचा हात बाहेर काढला. अंगठ्याखाली दातांच्या खुणा होत्या. तेल ओततानाच काजू चावला होता. डॉक्टर भडकले. हात साबणानं धुवायला लावला आणि खबरदारी म्हणून लगेच सरकारी दवाखान्यात इंजेक्शनला पिटाळलं.

तिथल्या रांगेत मीही तिच्यावर चिडलो. "मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं पिल्लू दारातच मेलं असतं," ती म्हणाली. "मले दात लागले, तरी मी नाही म्हटलं पिसाळलं. तुमी तं जवळ न येताच म्हटलं, मास्तर."