तुळसासाठी नवस

हसायचं असेल तर आत्ताच मनसोक्त हसून घ्या, कारण या गोष्टीत हसं झालंय ते माझंच. तेही कुठं, तर देवळात! भावकीतल्या अकरा बायका आणि साक्षात देवी यांच्या समोर.

मी भोरला शाळेत इंग्रजी शिकवते. लहानपणापासून मला जादूच्या गोष्टींचं वेड. घरात आठ जाडजूड पुस्तकांची एक मालिका आहे, ती मी दोनदा वाचलीय. तिच्यातली नायिका ऑर्लिथा नावाची जादूगारीण. हातातली काठी आपटली की वादळ थांबतं, दगडाचे डोंगर फुटतात. पण एवढी विद्या असून तिची लेक लहानपणीच शत्रूनं पळवलेली, आणि ती लेक आईला ओळखत नाही. शेवटच्या पुस्तकात ती लेकीला वाचवायला सगळी विद्या पणाला लावते आणि बर्फात मरून जाते. ते वाचल्यावर मी दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. आमचे हे घाबरून विचारत होते, माहेरी काही झालं का म्हणून.

तर हे ध्यानात ठेवा, की पुस्तकात ती मरते.

गेल्या वर्षी सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, वेल्ह्याकडच्या गावी अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांना भोरला आमच्या फ्लॅटवर आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता सगळं चालण्यावर आहे, बसून राहिल्या तर कायमच्या बसतील.

आणि आत्या बसून राहिल्या. जन्मभर भाताचे भारे डोक्यावर घेऊन बांध चढलेली बाई, दिवसभर भिंतीकडं बघत बसायची. काठी आणून दिली, तर ती कोपऱ्यात उभी. "म्हातारीची काठी मला नगं," एवढंच म्हणाल्या. मला मे महिन्याची सुट्टी होती, हे कामावर गेले की घरात आम्ही दोघीच. मी बोलायची आणि त्या ऐकल्यासारखं करायच्या. खरं सांगते, मला फार भीती वाटायला लागली होती.

त्यातच माझ्या त्या पुस्तकांवर काढलेली मालिका टीव्हीवर मराठीत आली. मी माझ्यासाठी लावली होती. पहिल्याच भागात ऑर्लिथा वादळ अडवायला उभी राहिली, वाऱ्यानं तिचे केस सगळे मोकळे. मागून आवाज आला, "केस बांध म्हणावं आधी."

तीन आठवड्यांत आत्या आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य!

मग रोज संध्याकाळी आमचा नेम ठरला. ते ऑर्लिथा नाव काही त्यांच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्यांनी ते सरळ बदलून टाकलं. नवी सून घरात आली की बदलतात तसं. तुळसा. तुळसा जेवली का, तुळसानं त्या राजावर विश्वास ठेवायला नको होता, असं दिवसभर चालायचं. आणि चौथ्या-पाचव्या भागात त्यांचं लक्ष तुळसाच्या काठीकडं गेलं.

"हिच्या हातात काठी हाय. ही काय म्हातारी हाय व्हय?"

गुपचूप कोपऱ्यातली काठी त्यांच्या हाताशी आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी आत्या स्वयंपाकघरापर्यंत चालत आल्या. मी कणकेच्या हातांनीच डोळे पुसले.

इथपर्यंत सगळं छान होतं हो. पण शेवटून दुसऱ्या भागात तुळसाची लेक आईवर तलवार घेऊन धावली आणि भाग संपला. आत्यांनी तिथंच हात जोडले. गावच्या देवीला नवस बोलल्या, की तुळसाला तिची लेक भेटू दे, मी माझ्या पायांनी बत्तीस पायऱ्या चढून तुझी ओटी भरीन.

पण आता काय होणार ते मला पानासकट ठाऊक होतं. तुळसा बर्फात मरणार. नवस फळणार नाही. आणि आत्या काठी कोपऱ्यात ठेवून पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसणार.

मग मी काय केलं? शहाणीनं टीव्हीला जोडलेल्या नेटच्या डब्याची वायर काढून कपाटात ठेवली. नेट गेलंय म्हणून सांगितलं. शेवटचा भाग मीही बघितला नाही. बघायचं काय, पुस्तक पाठ होतं की! आणि संध्याकाळी म्हटलं, आत्या, पुढचं मी सांगते, मी वाचलंय. आणि दिलं ठोकून. लेकीनं आईला ओळखलं, तलवार टाकली, गळ्यात पडली, बर्फ वितळला.

"मग?" आत्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी तुळसाला घर बांधून दिलं. तरी "मग?" तिसऱ्या दिवशी तिचा परागंदा झालेला नवरा परत आणला. तरी "मग?" आता माझ्याकडचा माल संपला होता. मी म्हटलं, मग तुळसानं जादूची काठी माळ्यावर टाकली आणि चुलीपुढं बसून भाकऱ्या थापायला लागली. लेकीनं एक दुधात कुस्करून खाल्ली. संपली गोष्ट.

आत्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. मला वाटलं, गहिवरल्या.

त्या दिवसांत एक मात्र झालं होतं. आत्या एकट्या दाराबाहेर जायला लागल्या होत्या. चार पावलं टाकून येते म्हणायच्या आणि समोरच्या काकूंच्या दारापर्यंत काठीची टकटक जायची. तिथं ती थांबायची. एकदा तर तासभर थांबली. दमल्या असतील, पण संकोच वाटायला नको, म्हणून मी मुद्दाम बाहेर डोकावत नसे. केवढा माझा समजूतदारपणा!

मग नवस फेडायचं निघालं. आत्यांनी गावाकडं फोन लावले, माझा नवस फळला, सगळ्यांनी या. कुणाचं काय झालं, असं विचारलं की सांगायच्या, तुळसाला तिची लेक भेटली. निम्म्या भावकीला वाटलं, तुळसा आपल्यातलीच कुणीतरी. एका चुलत जावेनं मला फोनवर विचारलं, ही कुठल्या गावाला दिलेली? मी म्हटलं, लांबची आहे. तिनं बिचारीनं तुळसाच्या लेकीसाठी वेगळा खण घेऊन ठेवला.

जीप करून निघालो. कापूरहोळला चहाला थांबलो, तर माझा चहा तसाच गार झाला. आत्या मात्र बिस्कीट बुडवून खात होत्या. मी देवभोळी नाही, पण न फळलेला नवस फळला म्हणून देवीच्या दारात फेडायला निघालेली सून माझ्याशिवाय दुसरी कुणी असेल का, सांगा बरं.

देवळाच्या पायऱ्यांशी अकरा बायका उभ्या होत्या. आत्यांनी कुणाचा हात धरला नाही. काठी टेकवत एकेक पायरी चढल्या आणि मी मागं दोन्ही हात पसरून. विसाव्या पायरीवर थांबल्या, घाम पुसला, वर बघितलं आणि परत निघाल्या. बत्तिसावी चढल्या तेव्हा कुठं मी हात खाली घेतले.

त्यांनी ओटीचं ताट उचललं आणि माझा बांध फुटला.

"आत्या, थांबा. मी खोटं सांगितलं तुम्हाला. तुळसा मरते हो. पुस्तकात ती बर्फात मरते. नेट गेलं नव्हतं, वायर मीच काढली होती."

चुलत जावेच्या हातातला खण खाली पडला. तिला बिचारीला वाटलं, नात्यातलं कुणीतरी गेलं.

आत्या शांतपणे म्हणाल्या, "वायर कपाटात हाय, साड्यांच्या खाली. आन् तुळसा मेली न्हाई. म्या बघितलाय शेवटचा भाग, समोरच्या काकूंकडं बसून, दोनदा. पुस्तकात काय का असंना, टीव्हीत जगलीया ती. लेक भेटली. दोघींनी मिळून पोरींना विद्या शिकवायला शाळा काढलीया."

म्हणजे मालिकावाल्यांनी शेवट बदलला होता! आणि मी पुस्तक पाठ असलेली शहाणी, एकदा बघायचेही कष्ट घेतले नव्हते.

"मग मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू रोज समोर बसून एवढं जीव लावून सांगत हुतीस. मी चालावं म्हणूनच ना? तुझं मन कसं मोडू, बाय."

मी तिथंच त्यांना मिठी मारली आणि लहान पोरीसारखी रडले. आत्यांनी पाठीवरून हात फिरवला, मला जरा बाजूला केलं आणि ओटी भरली. मग हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात देवीला म्हणाल्या, "आई, सूनबाई खोटं बोलली ती माझ्या पायापायी बोलली, तेवढं पोटात घाल. पर डोंगर फोडायची विद्या हाताशी असलेल्या बाईला हिनं भाकऱ्या थापायला बसवलं. आन् ही म्हणं शाळेत शिकवती. त्याचं काय करायचं ते तूच बघ."

अकरा बायका देवळाच्या फरशीवर बसून हसल्या. चुलत जावेनं तो खण उचलून माझ्या हातात दिला, आता तूच घे म्हणाली.

आता आत्या गावी असतात, काठी टेकवत सगळ्या आळीतून फिरतात. आम्ही गेलो की बायका मुद्दाम मला चुलीपुढं बसवतात आणि आत्या माझी थापलेली भाकरी तव्यावरून काढून पदराखाली लपवतात. ती अजून गोल होत नाही, हे त्यांनी देवीलाही सांगितलेलं नाही.