स्रेब्राताईची डिझेल निवा

आमच्या स्मोल्यान शहराच्या वाहन तपासणी केंद्रात मी एकवीस वर्षं काढली. लोकांनी घरच्या घरी फेरफार केलेल्या गाड्या माझ्यासमोर यायच्या आणि बहुतेक माझ्या नकाराचा कागद घेऊन परत जायच्या. तारेनं बांधलेले ब्रेकचे पाइप, वेल्डिंगच्या नावाखाली चिकटवलेले पत्रे, काय काय पाहिलं! त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका सोमवारी एक हिरवी निवा, मूळची पेट्रोलवर चालणारी छोटी जीप, डिझेलचा खडखडाट करत आवारात शिरली, तेव्हा मी न बघताच नकाराचा फॉर्म पुढे ओढला.

"घ्या रांगेल, अजून एक ट्रॅक्टर आला," माझा सहकारी कोस्तादिन म्हणाला.

गाडीतून साठीची एक बाई उतरली. ठेंगणी, खांद्यानं रुंद, डोक्याला रुमाल. नाव स्रेब्रा केहायोवा, गाव चेर्वेन रिद. आमच्या डोंगरातलं ते अगदी शेवटचं गाव. बस बंद होऊन चार वर्षं झालेली, उरलेली अकरा घरं. त्या घरांचे बटाटे, आजारी माणसं, गॅसच्या टाक्या, सगळं या बाईच्या निवातून वरखाली व्हायचं.

"इंजिन बदललंय?" मी विचारलं.

तिनं मान आडवी हलवली, म्हणजे आमच्याकडे हो.

"कुठल्या गॅरेजात?"

"गोठ्यात."

कोस्तादिन खो खो हसला. "गाईनं बसवलं का मावशी?"

"गाय विकली. म्हणून तर जागा झाली."

हकीकत साधी होती. आदल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्यानं, मानोलनं, रेडिएटरात नुसतं पाणी भरलं. ते गोठलं आणि इंजिन तडकलं. खालच्या गावात एक जुनी फ्रेंच व्हॅन ओढ्यात उलटून पडली होती. पत्र्याचा चेंदामेंदा, पण डिझेल इंजिन धडधाकट. ते स्रेब्रानं घेतलं. डिझेल कमी वेगातही जोर धरतं, चढावर असंच इंजिन हवं. पण व्हॅनमध्ये ते आडवं बसायचं, निवात उभं बसवायचं. शिवाय निवाची चारही चाकं ओढतात, आणि पुढच्या चाकांना जोर देणारा डिफरन्शियल मूळ इंजिनालाच टांगलेला असतो. इंजिन गेलं की त्याचा आधारही गेला. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नव्या इंजिनाचे बोल्ट जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाहीत. मध्ये एक जाड जोडप्लेट लागते, आणि ती अशी लागते की दोन्हीकडचे मध्य तंतोतंत एका रेषेत यावेत. जरा चुकलं की क्लच आणि बेअरिंग खलास, आणि तेही ऐन घाटात.

मी बॉनेट उघडलं. डिफरन्शियलसाठी तिनं नवा आधार केला होता. त्याचे वेल्ड शिवणाच्या टाक्यांसारखे एकसारखे. ब्रेक तपासले, उत्तम. पुढे वजन वाढलं म्हणून स्प्रिंगाही बदललेल्या. खोट काढायला जागाच नव्हती, आणि का कोण जाणे, त्याचाच मला राग आला.

"जोडप्लेट कुठल्या लेथवर कापली?"

"लेथ कुठला? कानशीनं केली."

"मध्याचा फरक किती?"

"दोन शतांश."

मिलिमीटरचे दोन शतांश! माणसाचा केस सात-आठ शतांश जाड असतो. "मावशी," मी म्हणालो, "हातानं दोन शतांश होत नाही. उगाच काहीतरी सांगू नका."

ती चिडली नाही. "मग शनिवारी घरी या. तुमचाच मापाचा डायल आणा. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही."

मी नकार लिहून दिला. आणि खरं सांगतो, तिला खोटं पाडायला म्हणूनच शनिवारी वर गेलो.

पोचलो तोवर नवराबायकोनं गिअरबॉक्स खाली उतरवून ठेवला होता. मानोलनं मला कॉफी दिली आणि बायकोकडे बोट करून म्हणाला, "सदतीस वर्षं झाली साहेब. ही पावाचे तुकडेसुद्धा मोजून कापते. मी जाड कापला की पुन्हा कापायला लावते."

"तू पाणी नीट मोजून भरलं असतंस तर आज साहेबांना चढ चढावा लागला नसता," स्रेब्रा म्हणाली.

प्लेट अशी झाली होती. आधी पुठ्ठ्यावर दोन्हीकडचे ठसे घेतले. मग अल्युमिनियमच्या जाड तुकड्यावर गोल आखून कडेकडेनं एकशे साठ भोकं पाडली, मधला गाभा ठोकून काढला आणि शेगड्याच्या लोखंडी पकडीत धरून पाच आठवडे कानस चालवली. बोल्ट ढिले ठेवून प्लेटसकट गिअरबॉक्सचं रिकामं कवच इंजिनाला लावलं, फ्लायव्हीलवर डायल बसवला, इंजिन हातानं फिरवत काटा बघायचा आणि तांब्याच्या हातोडीनं कवचाला टिचकी मारायची. काटा शांत झाला तेव्हाच जागा पक्की करणाऱ्या दोन पिनांची भोकं पाडली, म्हणजे कवच काढून पुन्हा लावलं तरी तिथेच बसेल.

आता तिनं तेच कवच पुन्हा त्या पिनांवर बसवलं. मी माझा डायल लावला. मानोल पान्ह्यानं इंजिन हळूहळू फिरवू लागला. पाव फेरा, अर्धा फेरा. काटा हलेना. मला वाटलं, अडकलाय. बोटानं दाबला तर टुणकन उडाला. पुन्हा फिरवलं. काटा एका रेघेवरून निघाला, दोन रेघा गेला आणि परत आला. दोन शतांश. तिसऱ्यांदा मीच फिरवलं. दोनच.

मी तिथल्या उपड्या बादलीवर बसलो. कारखान्यांची महागडी यंत्रं मी पाहिली होती, त्यांची मापं घेतली होती. पण शेणाच्या वासाच्या त्या गोठ्यात, एका खिडकीच्या उजेडात असं काही उभं असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. देवळात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसा माझा आवाज खाली आला.

"हे कुठं शिकलात ताई?"

"खालच्या यंत्रकारखान्यात. सतराव्या वर्षी लागले. बाकीचे यंत्रांचे भाग करायचे. ते भाग ज्या गेजांनी मोजायचे, ती गेजं मी करायचे." तिनं हात फडक्याला पुसले. "मग कारखाना बंद झाला. मापं भंगारात गेली. वजनावर घेतली."

त्या दिवशी आम्ही पातातनिक, म्हणजे किसलेल्या बटाट्याची जाड पोळी, खाल्लं आणि मी खाली आलो. सही मात्र मला करता येत नव्हती, कारण नियमात नोंदणीकृत गॅरेजचा दाखला लागतो. पण एक वाट होती. इंजिनियरनं पूर्ण आराखडा काढून प्लोव्हदिवच्या समितीकडे मंजुरी मागायची. मी इंजिनियर होतोच, ते मी रविवारच्या सुट्यांत केलं. अर्जात एक रकाना होता, 'वापरलेलं यंत्र'. मी लिहिलं, 'अर्धगोल कानस, बारा इंची.' फाइल परत आली. वर लाल पेन्सिलीनं शेरा होता, 'थट्टा नको.'

हिवाळाभर निवा गोठ्यातच राहिली. चेर्वेन रिदची माणसं बर्फातून पायी उतरली, आणि मला कुणी शिव्या दिल्या नाहीत असं नाही.

मार्चमध्ये ही कानशीची थट्टा खरी की काय ते बघायला समितीचे वयस्कर प्रोफेसर स्वतःच वर गोठ्यात आले. चिखलातून, शहरी बुटांनिशी. प्लेटच्या आतल्या कडेवरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. एक पूर्ण फेरी मारली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"किती दिवस लागले, बाई?"

"पाच आठवडे. मध्ये घेवडा सोलायचा होता, नाहीतर चारच लागले असते."

त्यांनी तिथेच, शेगड्याच्या टेबलावर सही केली. तपासणी कोस्तादिननं केली. मी आराखडा काढलेला, त्यामुळे मला ती करता येत नव्हती. तो गाडीभोवती दोनदा फिरला आणि एकही विनोद न करता शिक्का मारला.

एप्रिलात ती बियाण्याचे बटाटे न्यायला आली, तेव्हा मी हौसेनं गाडीत बसलो. मागे सहा पोती, पोत्यांवर दोन म्हाताऱ्या, पुढे मी. गावाखालच्या शेवटच्या वळणाला आम्ही गाढवमोड म्हणतो, गाढवाची कंबर मोडेल इतकं ते उभं. वितळत्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. स्रेब्रानं पहिला गिअर टाकला आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढून घेतला. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं आणि गाडी घाई न करता, चारही चाकांनी दगड धरत वर जाऊ लागली. मागच्या म्हाताऱ्या लग्नाच्या गप्पा मारत होत्या. मी गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला. तिथे कुठलीही थरथर नव्हती, फक्त झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखी ऊब होती.

"हात काढा साहेब," स्रेब्रा म्हणाली, "दुसरा टाकायचाय."