शेजारणीच्या आजोबांची घोडदळातली नोकरी

२००७च्या हिवाळ्यात आम्ही कॅनडातल्या केंब्रिजला नवीन होतो. नवरा गाड्यांच्या कारखान्यात लागला होता, मी अजून जॉबसाठी अप्लाय करत होते. एका सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत असताना शेजारच्या बाईंनी विचारलं, भारतात कर्की नावाचं गाव कुठे आहे. बाई रिटायर्ड नर्स, ऐंशीच्या पुढच्या, एकट्याच राहायच्या. आजोबांच्या लष्करी नोकरीच्या कागदांच्या प्रती त्यांनी इंग्लंडहून मागवल्या होत्या. आजोबा व्हिक्टोरिया राणीच्या घोडदळात साधे शिपाई होते.

"कर्की नाही, खडकी," मी म्हणाले. "माझी शाळा तिथलीच."

मग त्यांच्या किचनमध्ये बसून आम्ही दोघी ते तिरपं, बारीक अक्षर लावू लागलो. भरतीच्या वेळचा धंदा: विणकर. म्हणजे घोड्यावर हा माणूस आधी बसलाही नसेल. बारा वर्षांतली सात खडकीत. दवाखान्याच्या नोंदी सर्वांत जास्त: ताप, ताप, गुडघ्यावर घोड्याची लाथ, परत ताप. चांगल्या वर्तणुकीची फीत मिळाली आणि वर्षभरात गेलीही, कारण एका संध्याकाळी तो तबेल्यात हजर नव्हता. कुठे गेला होता ते लिहिलेलं नव्हतं. मला नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं.

बाईंना आठवत होते ते म्हातारे शेतकरी आजोबा. लष्कराबद्दल ते कधी बोलत नसत.

"पण त्यांच्या सगळ्या घोड्यांचं नाव एकच होतं," त्या म्हणाल्या. "सरुक."

मी त्यांना ते परत म्हणायला लावलं. ही हाक ते कधी मारायचे, असंही विचारलं. घोड्याच्या कडेनं आत जाताना, पाठीवर थाप मारून, त्या म्हणाल्या.

"ते नाव नाही. सरक. म्हणजे बाजूला हो. आम्ही अजूनही असंच म्हणतो."

त्या खूप वेळ हसल्या. मग त्यांनी विचारलं, हा शब्द आजोबांना शिकवला कोणी? माझा अंदाज, एखाद्या मोतद्दारानं. घोड्यांची निगा राखणारी ती आपली माणसं. त्यांचा कागदात कुठे उल्लेखही नव्हता.

पुढच्या वर्षी पुण्याला गेल्यावर मी खडकीत ते तबेले शोधत फिरले. वडिलांच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार बरोबर आले. त्यांनी दोन लांब, बैठ्या इमारती दाखवल्या. हेच ते, असं मात्र त्यांनाही खात्रीनं सांगता येईना. फोटो काढायला मनाई होती, म्हणून परत आल्यावर मी बाईंना वहीच्या पानावर नकाशा काढून दिला. चहा होईपर्यंत त्या नदी, बाजार, तिथला उन्हाळा, एकेक विचारत राहिल्या.