भिंतीवरचा ळ

माझ्या चुलत सासऱ्यांइतका घराला भिणारा माणूस उभ्या सातारा जिल्ह्यात झाला नाही, आणि ते घर त्यांचं नव्हतंच. शिरवळजवळच्या आमच्या गावात, पूर्वी मुलींना शिकवणाऱ्या एका सुधारक बाईंचं ते मातीचं घर. बाईंना जाऊन जमाना लोटलेला. मामंजी ते कुणी न सांगता सांभाळत. आत शिंकायचं नाही, जांभई द्यायची नाही. एका पाहुण्यानं बाईंच्या जात्यावर बसून पान लावलं, तर त्याला जात्याची माफी मागायला लावली. दार ठेंगणं. "वाकून या, हितं ताठ मान चालत न्हाई," असं दुसऱ्याला बजावता बजावता स्वतःचं कपाळ रोज चौकटीवर आपटत आणि चौकटीलाच म्हणत, "माफी असावी." टेंगूळ बारमाही. माजघराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली मुळाक्षरं होती. तिथं तर पटका काढून उभे राहत.

एकोणीसशे चाळीस-बेचाळीसच्या सुमाराला मी मामंजींच्या घरात सून म्हणून आले. अक्कल बेताची, हौस दांडगी. एकदा, दुसऱ्या दिवशी साताऱ्याची मंडळी बाईंचं घर बघायला येणार, म्हणून मामंजी बाजाराला गेले आणि मी शाबासकीच्या आशेनं ते माजघर पांढऱ्या मातीनं पोतारून काढलं. चारी भिंती, वर दुसरा हात. मामंजी दारात दिसले तेव्हा कुठं अक्षरं आठवली. आता माहेरी धाडणार, म्हणून मी मनातल्या मनात ट्रंकही भरली.

ते भिंतीपुढं जाऊन उभे राहिले. "वाळलंय का?"

"व्हय, मामंजी."

"बरं झालं. दर वर्साला मलाच पोतारावं लागतं."

"आवं, पण बाईंची अक्षरं?"

"बाईंनी कवा ठेवली? माझी आई हितंच शिकली. बाई रोज लिवायच्या, रोज पुसायच्या. पुसलं न्हाई तर दुसरी पोरगी लिवंल कुठं?" कोपरीच्या खिशातून कोळसा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "किती शिकलीयास?"

"तिसरी."

"लय झालं. लिव."

मला इतकं हायसं वाटलं, की त्या भरात ळची दोन वेटोळी शेजारी न बसता एकावर एक बसली. दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या मंडळींनी त्या अक्षरांना हात जोडले. माझ्याकडे न बघता मामंजी म्हणाले, "बाईंच्या पोरींची अक्षरं हायत." पुढं दर वर्षी कोळसा माझ्याच हाती आला, पण ळ सुधारायची मुभा मिळाली नाही. "लोकांनी हात जोडल्यात त्याला," म्हणायचे.

परवा नातीला घेऊन गेले. मामंजी नाहीत. भिंतीवर काच बसवली आहे. आता कुणी पुसत नाही.

"आजी, ळ चुकलाय," नात म्हणाली.

बाहेर पडताना कपाळ चौकटीवर आपटलं. "माफी असावी," मी म्हटलं.

"कुणाशी बोलतेस गं?" तिनं विचारलं. मी कपाळ चोळत राहिले.